पाच स्थळांचा दिगंबर

दिगंबर कुणालाच पाचापेक्षा जास्त स्थळं दाखवत नाही. मुलीचा बाप रडो, मामा भांडो, पाच म्हणजे पाच. कोठी भागात पुस्तकांच्या दुकानावर आपल्या मराठी लोकांचं वधूवर केंद्र आहे, तिथला कम्प्युटर तो रविवारी फुकट चालवतो. वय पंचेचाळिशीचं, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली आणि तोंडात एकच वाक्य : "हौ काका, पाच बघा, घरी जा, विचार करा."

त्याचं म्हणणं, सगळी स्थळं दाखवली की माणूस एकही नीट बघत नाही. पुढचं बरं असेल म्हणून पुढंच सरकतो. हे मला शिकवायची गरज नव्हती. सुलतान बाजारात मी जन्मभर साड्या विकल्या. सगळा ढीग उतरवला की बाई 'येते हं' म्हणून उठणारच. पण बाप झालं की दुकानदारी आठवत नाही.

माझी सुमन विधवा, पदरी एक मुलगी. पुन्हा लग्नाला ती स्वतःहून तयार झाली होती. आणि मला डॉक्टरांनी छातीच्या ऑपरेशनची तारीख दिली होती. तिथून परत येईन न येईन, त्याआधी तिचं मार्गी लागावं, एवढंच डोक्यात. त्या रविवारी मी जाऊन दिगंबरच्या टेबलावर काठी आडवी ठेवली.

"सगळी काढ. आज पाचावर उठणार नाही."

"जबरदस्ती नक्को, काका."

"कुणाला लपवतोस? पैसेवाल्यांना निवडक, आम्हाला उरलेले?"

मागच्या रांगेतले लोक माना पुढं काढून बघू लागले. दिगंबरचे कान लाल झाले. आवाज मात्र चढला नाही. "आधी मशीन रोज तेच पाच वर आणायची. खालचे कुणाला दिसायचेच नाहीत. आता ज्याला सगळ्यात कमी लोकांनी पाहिलंय, तो वर येतो. मी मशीनला हुकूमच तसा लिहिलाय. तुमच्या मुलीचं नाव लोकांना दिसतं ते त्यामुळंच."

"मग तिच्यासाठी बाकीचे काढ."

"नाही."

तेवढ्यात जिन्यात कुणाची तरी म्हातारी धापा टाकत थांबली. तिला हात द्यायला तो खाली गेला. मी शाळा चौथीत सोडली, पण आकडे येतात. स्क्रीनवर सुमनच्या अटींखाली 'किती दाखवायचे' तिथं पाच होतं. मी त्यापुढं शून्य लावलं.

"चाचा, मशीन बिगडेगी," मागून कुणीतरी म्हणालं.

"बिघडू दे."

पन्नास काही आले नाहीत. दहाबारा आले. सगळ्यात खाली : दिगंबर पाठक. अविवाहित. मूल असलेली चालेल. किती जणांनी पाहिलं : शून्य.

त्याच्याच नियमानं हा सगळ्यात वर यायला हवा होता. स्वतःपुरता त्यानं वेगळा हुकूम लिहिला होता.

तो वर आला, स्क्रीन पाहिली आणि घाईनं बटणाकडं हात नेला. मी त्याचं मनगट धरलं.

"जुनं राहिलंय ते, काका. काढून टाकतो."

"कुणाला विचारून?"

तो तसाच उभा राहिला. त्या खोलीत आल्यागेल्याला बसा म्हणणारा तोच एक होता. मी उठलो आणि माझी खुर्ची त्याच्याकडं सरकवली.

"बसा," मी म्हटलं. "गाव कुठलं तुमचं?"