आवक-जावक कर्णिक

कर्णिककाकांकडे काही द्यायला जायचं तर सही करायची तयारी ठेवूनच जावं लागे. सोसायटीची नोटीस असो, लग्नपत्रिका असो नाहीतर फराळाचं ताट, ते दारातच लांबडं रजिस्टर उघडत, आवक क्रमांक टाकत, 'कोणाकडून' आणि 'विषय' हे रकाने भरत, आणि मगच ती वस्तू उंबऱ्याच्या आत जाई. एका दिवाळीत आईने माझ्याबरोबर करंज्या पाठवल्या. विषयाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'करंज्या, नग अकरा', आणि पुढे माझी सही घेतली. नंतर कधीतरी बोलता बोलता आईने बारा पाठवल्याचं निघालं, तेव्हा काका रजिस्टर घेऊन वर आले. जिन्यात एक करंजी कोणी खाल्ली ते माझ्याच सहीनिशी सिद्ध झालं. मी तेव्हा चांगला चोवीस वर्षांचा घोडा होतो.

आमची बिल्डिंग डोंबिवली पूर्वेला. काका पहिल्या मजल्यावर, आम्ही दुसऱ्या. वर्तकनगरच्या पुढे एका कारखान्यात त्यांनी तेहतीस वर्षं आवक-जावक कारकून म्हणून काढलेली. आलेला प्रत्येक कागद आधी त्यांच्या टेबलावर यायचा आणि बाहेर जाणारा शेवटी त्यांच्याच टेबलावरून जायचा. पत्राला उत्तर जाऊन पोचलं की शेवटच्या रकान्यात 'निकाली' असा शेरा, नाहीतर 'प्रलंबित'. हा दुसरा शब्द ते घरात कोणी आजारी असल्यासारखा हळू उच्चारत. "जगात दोनच गोष्टी असतात," ते सांगत, "आलेलं आणि गेलेलं. बाकी सगळ्या गप्पा." निवृत्त झाल्यावर टेबल कारखान्यात राहिलं आणि रजिस्टर तेवढं घरी आलं.

काकू फार लवकर गेलेल्या. एकच मुलगी, शुभाताई. तिने अठ्ठ्याऐंशी साली काकांना न विचारता ऑफिसातल्या एका मुलाशी लग्न केलं. निदान ते नोंदणी पद्धतीने केलं, पण त्याचाही काकांना आनंद झाला नाही. जिन्यात उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "आजपासून तिच्या नावे जावक बंद." पुढे ती नवऱ्याबरोबर परदेशी गेली. तिकडून तिचं एक पत्र आलं, हे पोस्टमनमुळे अख्ख्या बिल्डिंगला कळलं. उत्तर गेलं नाही, हेही कळलं. त्यानंतर पत्र आलं नाही आणि काकांसमोर तिचं नाव काढायची कोणाची हिंमत झाली नाही.

मी तेव्हा घरच्या हॉलमध्ये कॉम्प्युटर जोडून विकायचो. अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत एका दुपारी काका वर आले. हातात चिठ्ठी होती.

"फडके रोडवर शुभाची मैत्रीण भेटली," ते म्हणाले. "हा शुभाचा ई-मेलचा पत्ता. तिच्या ऑफिसातला आहे म्हणे. मला उत्तर पाठवायचंय."

"कशाचं उत्तर, काका?"

"अरे, तिचं पत्र आलंय ना."

त्या पत्राला सात वर्षं होऊन गेलेली. मी खुर्ची मशीनकडे सरकवली. मग म्हटलं, "द्या इकडे, माझ्या मशीनवरून आत्ता पाठवू या. दोन मिनिटांचं काम आहे."

"दोन मिनिटांत जाणारं असतं तर कधीच गेलं असतं," ते म्हणाले. "घरी मशीन हवं. आणि पत्रं ठेवणारा जो काय तुमचा प्रोग्राम असतो, तो पारखून घ्यायचा. तिथे नोंद नीट राहिली पाहिजे."

मशीन आठ दिवसांत बसलं, इंटरनेटची जोडणी महिन्याभरात आली. मग सुरू झाली पारख. मशीनबरोबर जो प्रोग्राम आला होता तो काकांनी एका संध्याकाळीच नापास केला, कारण त्यात एक बटण दाबलं की पत्र नाहीसं होत होतं. "कागद फाडायचा अधिकार तेहतीस वर्षांत मला नव्हता, खुद्द मॅनेजरला नव्हता. इथे कोणीही उठावं आणि फाडावं?" मी म्हटलं, पत्र आधी टोपलीत जातं, तिथून परत काढता येतं. "म्हणजे केराच्या टोपलीत हात घालायचा," ते म्हणाले. मी मशीन बंद करून जेवायला घरी आलो.

माझ्याकडे मासिकांबरोबर फुकट येणाऱ्या सीड्यांचा गठ्ठा होता. त्यातला दुसरा प्रोग्राम त्यांना दिसायला आवडला. पण तो नवं पत्र नेहमी सर्वांत वर ठेवायचा. तो क्रम उलटा करता येतो हे मी दाखवलं, तरी त्यांचा विश्वास उडालेला तो उडालाच. "मुळात ज्याला सुचलं की जुनं पत्र खाली ढकलावं, त्याच्या हाती मी माझी डाक देणार नाही." तिसऱ्यात जावक क्रमांक टाकायला जागाच नव्हती. वेबवरच्या फुकट मेलचं मी नाव काढलं, तर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "किल्ली माझ्या खिशात आणि कपाट अमेरिकेत? आणि फुकट का देतायत, ते विचारलंस का त्यांना?" हे मात्र मी विचारलं नव्हतं.

चौथ्या प्रोग्रामवर ते महिनाभर टिकले. त्याच्या तक्त्यात सगळे रकाने होते, क्रमांकसुद्धा. मला वाटलं, सुटलो. एका रविवारी त्यांनी हाक मारली. स्क्रीनच्या मधोमध एक चौकट आलेली, नवीन पत्र नाही असं सांगणारी.

"हे काय आहे?"

"तुम्ही डाक बघितलीत ना काका, म्हणून तो सांगतोय."

"मी विचारलं का? आमच्याकडे डाक नसली तर शिपाई यायचाच नाही. दारात येऊन 'साहेब, तुम्हाला कोणी काही पाठवलेलं नाही' असं ओरडून जात नव्हता. आणि वर ओके म्हणायला लावतो. काय ओके आहे यात?"

हा प्रोग्रामही गेला. मी नाक्यावर मित्रांना हा किस्सा नक्कल करून सांगितला आणि आम्ही पोट धरून हसलो. आता आठवलं की बरं वाटत नाही. ज्याला सात वर्षांत मुलीकडून काही आलेलं नाही, त्या माणसाला एक चौकट ते रोज मोठ्या अक्षरांत सांगत होती, एवढं मला समजायला हवं होतं. पण दर नव्या सीडीबरोबर चहा आणि लसणीचा चिवडा मिळत होता, आणि मला मजा येत होती.

पाचवा आला, सहावा आला. मधेच मराठीचा प्रश्न निघाला. मी मराठी अक्षरांत पाठवून पाहिलेलं पत्र दुसऱ्या मशीनवर नुसत्या प्रश्नचिन्हांच्या रांगा होऊन उघडलं. काका म्हणाले, "एवढे प्रश्न तर मीही तिला विचारणार नाही." दोन महिने त्यात गेले. पाऊस संपला, नवरात्र झालं, दिवाळी आली. चिठ्ठी मॉनिटरच्या खाली सेलोटेपने चिकटवलेली होती आणि तिच्यावरची शाई फिकी पडायला लागली होती. एक दिवस माझाच धीर सुटला.

"काका, खरं सांगा, तुम्हाला प्रोग्राम आवडत नाहीये की लिहायची भीती वाटतेय?"

त्यांनी चिठ्ठीचा सुटत आलेला सेलोटेप अंगठ्याने दाबून बसवला. मग म्हणाले, "कुठला लावलायस आता? राहू दे तोच."

तो आधीचा चौथाच होता. मी चौकटीचा उपद्रव शोधून बंद केला होता, ती सोय त्यात पहिल्यापासून होती. काकांनी रोमन अक्षरांत मराठी लिहायला घेतली. एका बोटाने, तीन ओळींना सबंध दुपार. मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो, पण संपल्यावर त्यांनीच वाचायला बोलावलं. 'चि. शुभास अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पोचले. उत्तरास विलंब झाला, चूक माझी.' त्याच्यावर जावक क्रमांक एक. मी म्हटलं, अजून काहीतरी लिहा. ते म्हणाले, "बाकीचं ती विचारेल तेव्हा."

पत्र गेलं. चार मिनिटांत उत्तर आलं. काका खुर्चीतून अर्धे उठले. मी ते आधी वाचलं आणि मला त्यांच्याकडे बघवेना. या पत्त्यावर असं कोणी नाही, असं तिकडच्या मशीनने कळवलं होतं. मी पळत त्या मैत्रिणीकडे गेलो. तिच्याकडेही तोच पत्ता होता, दुसरा नव्हता. शुभाताईने गणपतीच्या सुमारास ती नोकरी सोडल्याचं तिने सांगितलं. फेब्रुवारी ते गणपती, सात महिने तो पत्ता जिवंत होता. ते सात महिने आम्ही प्रोग्राम पारखत होतो, आणि चिवडा मी खात होतो.

मी हे काकांना सांगितलं. ते मला रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ते परत आलेलं पत्र छापून घेतलं, त्यावर आवक क्रमांक टाकला आणि म्हणाले, "मशीन असलं तरी वक्तशीर आहे. पत्ता चुकला तर परत करायचं, हेच मीही करायचो." पुढच्या महिन्याच्या एक तारखेला त्यांनी त्याच पत्त्यावर स्मरणपत्र क्रमांक एक पाठवलं. चार मिनिटांत तेही परत आलं.

वर्षअखेरीला संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. नवीन वर्षाचं रजिस्टर आखायचं होतं आणि हल्ली पट्टी धरताना त्यांचा हात हलायचा. कारखान्यातली पद्धत अशी की वर्ष संपलं की प्रलंबित नोंदी नव्या रजिस्टरात पहिल्या पानावर उतरवून घ्यायच्या, अक्षर न बदलता. काकांकडे प्रलंबित नोंद एकच होती. खात्री करायला त्यांनी जुनी रजिस्टरं माझ्यापुढे ठेवली आणि ते चहा टाकायला आत गेले.

मी एकेक पहिलं पान उघडत गेलो. एक्क्याण्णव साली होतं, 'प्रेषक : शुभा. विषय : मुलगी झाल्याबद्दल.' हे बिल्डिंगमध्ये कोणालाच ठाऊक नव्हतं. ब्याण्णव साली तीच नोंद, पण विषय, 'नात एक वर्षाची झाली.' त्र्याण्णव, 'नात दोन वर्षांची. बोलत असेल.' शहाण्णव, 'नात पाच वर्षांची. शाळेत जाते.' अठ्ठ्याण्णव, 'नात सात वर्षांची. दात पडले असतील.' तेहतीस वर्षं ज्यांनी दुसऱ्याच्या कागदातला एक शब्द इकडचा तिकडे केला नाही, त्यांनी स्वतःची ही एक नोंद दरवर्षी बदलली होती. मी पट्टी हातात घेऊन नुसता बसून राहिलो.

काका चहा घेऊन आले. मी आखलेल्या पानावर त्यांनी तारीख घातली, शुभाचं नाव घातलं आणि विषयाच्या रकान्याशी थांबले.

"तुझी पुतणी केवढी रे?"

"नऊची होईल."

"तिला येतं का हे कॉम्प्युटरचं?"

"मला शिकवते काका ती."

त्यांनी मान हलवली आणि सावकाश लिहिलं, 'नात आठ वर्षांची. टाइप करता येत असेल.' शेवटच्या रकान्यात 'प्रलंबित' लिहिलं. शाई वाळेपर्यंत त्यांनी रजिस्टर उघडंच ठेवलं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि खुर्ची मॉनिटरकडे वळवली.

"जोडणी लाव," ते म्हणाले. "आजची डाक बघायची राहिलीय."