ब्रेझॉलच्या शिपायाचा नेम

पहिल्या महायुद्धाचं स्मारक मूळ रूपात आणायचं ठरलं, तेव्हा ब्रेझॉल गावच्या सरपंच सोलांज पेरॅक यांनी सभेत ठणकावून सांगितलं होतं, "मूळ म्हणजे मूळ." चौकातला दगडी शिपाई हातबॉम्ब उगारून समोरच्या रिकाम्या कुरणाकडे बघत उभा होता. त्याला कुणाचाच त्रास नव्हता.

जुनी शिल्पं दुरुस्त करायला शहरातून आलेल्या तिफेननं रंगाचे थर काढले, सिमेंटची ठिगळं खरवडली आणि शिपायाला क्रेननं उचललं. चौथऱ्यावर वेगळ्या दिशेला खुंट्यांची जुनी भोकं दिसली. शिपायाला मागाहून कुणीतरी वळवलं होतं. तिनं फोन करून विचारलं. सोलांजबाई घाईत होत्या. मूळचं असेल तसं करा म्हणाल्या. तिफेननं तसं केलं, खुंट्यांभोवती शिसं ओतलं आणि क्रेन परत पाठवली.

दुसऱ्या दिवशी पाव घेऊन येताना सोलांजबाई चौकात थबकल्या. शिपायाचा नेम आता ओढ्यापलीकडे, थेट शेजारच्या लातूश गावच्या ग्रामकचेरीवर होता.

स्मारकाला वर्गणी दिली नाही म्हणून ब्रेझॉलनं शिपायाचा बॉम्ब मुळात आपल्यावरच रोखला होता, हे लातूशचं साठ वर्षांचं गाऱ्हाणं होतं. हा खोटेपणा आहे, असं सोलांजबाईंनी लातूशचे सरपंच ओनोरे डेल्बॉस यांना तोंडावर सुनावलंही होतं. तेच डेल्बॉस रविवारी अनावरणाला येणार होते आणि दोन्ही गावांच्या एकत्र शाळेबद्दल उत्तर देणार होते. ते नाही म्हणाले तर ब्रेझॉलची शाळा उन्हाळ्यात बंद होणार होती.

"याला परत फिरवा," बाई म्हणाल्या.

"शिसं घट्ट झालंय, मादाम. पाय तुटतील."

"मग हात जरा खाली?"

"दगडाचा आहे, मादाम."

कुणी सुचवलं म्हणून बॉम्बवर पुष्पचक्र अडकवून पाहिलं. शिपाई लातूशवर पुष्पचक्र फेकतोय असं दिसू लागलं. ते काढलं.

रविवारी तिरंगी कापड खाली सरकलं. डेल्बॉसनी शिपायाकडे पाहिलं, हाताच्या रोखानं मान वळवली आणि स्वतःच्या कचेरीचं घड्याळ बराच वेळ न्याहाळलं.

"काय गं सोलांज, हेच मूळ रूप?"

तिफेन शेजारीच होती. "हेच," बाई म्हणाल्या.

"नीट तपासलेलं?"

"हो."

डेल्बॉसनी टोपी काढली. "माझा आजोबा हेच सांगत मेला. त्याला सगळे थापाड्या म्हणायचे. आजीसुद्धा."

नंतर वाईन घेताना त्यांनी शाळेला होकार दिला. अट एकच: शिपायाला कुणी बोटभरही हलवायचं नाही.

सोलांजबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या भरात त्यांनी लातूशच्या स्मारकासाठीही तिफेनला पाठवायची तयारी दाखवली. तिथे एक दगडी शोकमग्न स्त्री होती.

"तिला तपासायला नको," डेल्बॉस पेला ठेवत म्हणाले. "ती पहिल्यापासून तुमच्याकडे पाठ करूनच उभी आहे."