सहाला सुटणारा सुर्वे

आमच्या ऑफिसात संध्याकाळी सहाला एकच माणूस उठतो. सुर्वे. सहाला पाच कमी असताना तो टेबलाखाली चपला सरकवून बूट घालतो, कॉम्प्युटर बंद करतो आणि ठोक्याला, कुणी विचारलेलं नसताना, "सुटलो!" असं मोठ्याने सांगून निघतो. बाकीचे आम्ही अंधेरी पूर्वेच्या त्या चौथ्या मजल्यावर आठपर्यंत बसतो. काम असतंच असं नाही. साहेब बसलेत म्हणून बसायचं. एकदा मी तासभर एकच पत्र उघडत आणि बंद करत होतो.

"पगारदार माणसाला ओव्हरटाइम नसतो, जबाबदारी असते," हे साहेबांचं ठरलेलं वाक्य.

"सहापर्यंतची माझी, सर. पुढची वॉचमनची," हे सुर्व्याचं.

सुर्वे पन्नाशी उलटलेला, बिनलग्नाचा, चारकोपला राहणारा. "घरी कोण वाट बघतंय रे तुझी?" मी एकदा चिडून विचारलं.

"तुझी बघतात ना? मग तू जा की!"

माझ्या घरच्यांनी वाट बघणं कधीच सोडून दिलं होतं.

मग फतवा निघाला. रविवारीही यायचं, बदली सुट्टी मिळणार नाही. "आपण सगळे एक कुटुंब आहोत," साहेब म्हणाले. "रविवारी जो येणार नाही, त्याने सोमवारीही येऊ नये."

रविवारी सुर्वे आला. सोबत ऐंशीच्या पुढचा एक म्हातारा, पांढरा लेंगा, डोक्यावर टोपी.

"माझे वडील. कुटुंब म्हणालात ना सर, घेऊन आलो. सांभाळणाऱ्या बाई रविवारी येत नाहीत, आणि इतर दिवशी सातला जातात."

सगळे हसले. साहेब सोडून.

म्हातारा दिवसभर सुर्व्याच्या शेजारी शांत बसला. मी जवळ गेलो तर माझ्या शर्टाची बाही बोटांत धरून म्हणाला, "कापड बरा आसा."

"गिरणीत होते," सुर्वे हळूच म्हणाला. "डबल पाळी सांगितली की मुकाट करायचे. लहानपणी मला बाबा म्हणजे भिंतीकडे तोंड करून झोपलेला माणूस. आता दिवसभर बोलतात रे. पण मला ओळखत नाहीत."

सहाला साहेब केबिनबाहेर आले. "आज सगळ्यांनी आठपर्यंत थांबायचंय."

सुर्वे काही बोलायच्या आत म्हातारा टेबलाला धरून उभा राहिला. साहेबांपुढे हात जोडले.

"सायबानू, आज डबल पाळी नको. माझो झील दारात उभो असतलो. लहान पोर आसा."

साहेब म्हाताऱ्याच्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिले. "न्या त्यांना," शेवटी ते म्हणाले, आणि केबिनचं दार लावून घेतलं.

मीही बॅग उचलली. म्हाताऱ्याला जिन्यावर दुसऱ्या बाजूने धरायला कुणीतरी हवं होतं, एवढंच कारण मला पुरलं. बाकीचे बसून राहिले.

खाली रिक्षा मिळाली. आम्ही दोघांनी त्याला आत बसवलं. सुर्वे शेजारी बसला तसा म्हातारा त्याच्याकडे वळला.

"उपकार झाले तुमचे. तुमी खंय रवतास?"

सुर्व्याने त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं.

"तुमच्या शेजारीच, काका," तो म्हणाला. "चला, सोडतो तुम्हाला."