भिलाआप्पांचा कोरियावरचा राग

आमच्या सुरतेच्या पांडेसऱ्यातले भिलाआप्पा कोरियातल्या दोन माणसांवर चिडलेले असत. एक मरून काही शतकं लोटली होती आणि दुसरा कधी जन्मलाच नव्हता. राग मात्र रोज ताजा.

आप्पा हजीऱ्याला एका कारखान्याच्या गेस्ट हाऊसमध्ये स्वयंपाकी होते. तिथे उतरलेला कोरियन इंजिनियर जेवताना तोडक्यामोडक्या हिंदीत त्याच्या देशातल्या जुन्या अद्भुत गोष्टी सांगायचा. लिहिणारा कोरियन, पण लिहिल्या होत्या चिनी भाषेत!

"घरची भाषा काय मेली होती त्याची?" आप्पा ओट्यावर बसून गरजत. सगळा राग मग बिल्डिंगमधल्या पोरांवर निघे. कुणी "केम छो, आप्पा?" म्हटलं की, "झाला हाबी चिनी!" भजीवाला हिंदी बोलला, तोही चिनी. अमळनेरचा जावई फोनवर 'हॅलो' म्हणाला, तर त्याच्याशी महिनाभर अबोला.

पण खरा संताप एका गोष्टीतल्या नवऱ्यावर. गावावर धाड येते, नवरा जीव घेऊन पळतो, मागे राहिलेली बायको मारली जाते. पुढे तिचं भूत घरी येतं, दोघं सुखाने संसार करतात आणि एक दिवस ती कायमची निघून जाते.

"बायको टाकीसन पळना हरामखोर!" आप्पा मांडीवर थाप मारत.

मी त्या बिल्डिंगमध्ये नवा होतो. एकदा वैतागून म्हणालो, "आप्पा, गोष्टच आहे ती. सोडा ना त्या बिचाऱ्याला."

"बिचारा? तुले काय समजस?" आप्पा ताडकन उठले. वाटलं, आता माझी धडगत नाही. पण ते तसेच परत खाली बसले.

"चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या साली सगळी सुरत स्टेशनवर धावली. बायकोला, सुमनला, दमा. म्हणाली, गर्दीत मी मरेन, तुम्ही नातीला गावाला पोचवा. मी गेलो. इकडे तिला दम्याचा झटका आला. बिल्डिंगमध्ये दार उघडून बघायला माणूस नव्हता. गेली ती."

मी म्हणालो, "तुम्ही नातीसाठी गेलात, आप्पा. तो पळाला."

"गाडीत बसलो तेव्हा मलाबी सुटल्यासारखं वाटलं होतं." आप्पांचा आवाज पार खाली गेला. "तोबी पळाला, मीबी पळालो. पण त्याची परत आली ना रे."