आधी पाणी प्या

कदम सर कॉम्प्युटरवर हुकूम टाइप करायची, टर्मिनलची काळी खिडकी उघडायचे आणि लगेच खुर्ची सरकवून उठायचे. कोपऱ्यातल्या माठातून ग्लासभर पाणी घ्यायचे, उभ्यानंच संपवायचे आणि मग कामाला बसायचे. दिवसभरात जितक्या खिडक्या, तितके ग्लास. साल दुष्काळाचं, कॉलेजला पाणी टँकरचं, आणि हे गृहस्थ एकटे माठ उपसतात म्हणून शिपाई त्यांच्यावर डूख धरून होता.

आमचा विभाग भूशास्त्राचा. पिशोरकडच्या विहिरींची पातळी मोजून आणायची आणि जमिनीखाली किती पाणी उरलंय ते काढायचं, हे सरांचं काम. त्यासाठीचा प्रोग्राम फुकट मिळे, पण लिनक्सवर आपल्या हातानं बसवावा लागे. सरांनी तो बसवला. पण नाव टाइप करून हाक मारली, की मशीन म्हणे, असा कुणी इथं नाही!

विभागप्रमुख वैतागले. "कदम, ते खटारं फॉरमॅट करा. सगळं पुसून नव्यानं टाका. शुक्रवारपर्यंत चाललं नाही, तर मीच करून घेतो."

"करून तर बघा," सर म्हणाले. "माझ्या मशीनला हात लावायचा नाय."

प्रमुखांना असं तोंडावर सुनावणारा दुसरा माणूस आमच्या इमारतीत नव्हता. मला तर ते फारच आवडलं.

खरं तर ते मशीन मंगलताईंचं. म्हणजे सरांच्या पत्नीचं. त्या याच खोलीत काम करायच्या. त्या गेल्या, तेव्हा सरांनी स्वतःचं नवंकोरं मशीन मला देऊन टाकलं आणि हे जुनं ओढून घेतलं. सर भिंतीला पाठ करून बसत, त्यामुळे त्याचा स्क्रीन भिंतीकडे वळवलेला असे; दुसऱ्या कुणाला दिसायचा नाही.

शुक्रवारी सर सकाळपासून त्या स्क्रीनशी भांडत होते. "कायकू सताता रे? घरात हाय, मग नाय कशाला म्हणतो?"

"सर, बिघडलंय ते," मी म्हटलं.

"मशीन खोटं बोलत नाय, कुलकर्णीबाई. आमच्या पडेगावला टँकर येतो, तो सांगितलेल्या गल्ल्यांतच जातो. माझी गल्ली नवी, डायवरला म्हाईतच नाय. मग टँकर खोटा का? ह्याला बी गल्ली सांगावी लागती."

आणि तेच निघालं. खिडकी उघडताना मशीन एक फाइल वाचतं. प्रोग्राम कुठंकुठं शोधायचे, ते तिच्यात लिहिलेलं असतं. नव्या प्रोग्रामची जागा तिथं नव्हती. मी हौसेनं पुढं झाले, ती ओळ टाइप केली, ती फाइलीत ढकलणारा '>' असा बाण पुढं टाकला आणि एंटर दाबणार, तोच सरांनी कीबोर्ड हिसकावला.

"एकच बाण? एका बाणानं जुनं समदं पुसलं जातं, बाई! दोन द्या. जुन्याच्या खाली जोडायचं."

"पुसलं तर पुसलं. त्यात असं काय आहे?"

सरांनी दुसरा बाण घातला, एंटर दाबलं आणि नवी खिडकी उघडली. अगदी वर ओळ उमटली : 'आधी पाणी प्या. मग काम.'

"मला मुतखडा झाला तवा तिनं घातलंय हे, त्याच फाइलीत," सर म्हणाले. "म्हणली, माझं ऐकत नाही, मशीनचं तरी ऐका."

 

सर उठले. माठ कलता केला, तर थेंब नव्हता. त्या दिवशी टँकर आलाच नव्हता. तेवढ्यात प्रमुख दारात येऊन उभे राहिले. "चाललं का, कदम? आधी चालवून दाखवा."

"थांबा. आधी पाणी."

प्रमुखांच्या देखत सरांनी रिकामा ग्लास ओठाला लावला, मान मागे टाकली, आणि तो नीट पालथा घालून जागेवर आले.

"प्यालो गं," ते स्क्रीनला हळूच म्हणाले.

मग त्यांनी प्रोग्रामला हाक मारली. पहिल्याच हाकेला ओ आली.