काकांचं घड्याळ, काकूंची धडधड

"या वर्षीचा कप आपलाच!" ड्रायव्हरकाकांनी आरशासमोर उभं राहून जाहीर केलं. समोरच्यानेही लगेच मान डोलावली. आरशातला माणूस काकांना कधीच खोटं पाडत नसे.

काका उभं आयुष्य बस चालवून निवृत्त झालेले. हृदयात एक स्टेंट, रक्तात साखर, तोंडात वरच्या बाजूला कवळी. पण उजवा हात! त्या हातात टेबल टेनिसची बॅट आली, की बाकीचे सगळे अवयव आपापली दुखणी विसरून खेळ बघायला बसत, असं काकांचंच म्हणणं होतं. डेपोतल्या विश्रांतीच्या खोलीत एक जुनाट टेबल होतं आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात काका त्यावर भल्याभल्यांना पाणी पाजत. आता त्याच टेबलावर निवृत्तांची स्पर्धा भरली होती, काका अंतिम सामन्यात पोहोचले होते आणि समोर होता कंडक्टर! ज्याने वीस वर्षं काकांच्या मागे उभं राहून घंटी वाजवली, तोच. गेल्या वर्षी कप त्याने नेला होता आणि तेव्हापासून तो भेटेल तिथे "कपाला रोज पॉलिश करतो हं!" असं सांगून काकांचं रक्त आटवत होता.

अडचण एकच होती. घड्याळ!

स्टेंट बसला त्या महिन्यात लेकीने वडिलांच्या मनगटावर ते बांधलं होतं. नाडी मोजायचं, पावलं मोजायचं आणि सगळं लेकीच्या फोनवर पोहोचवायचं. माणूस धाडकन पडला तर बोंब ठोकायचं. काढून ठेवलं तर दहा मिनिटांत लेकीचा फोन! "बाबा, घड्याळ कुठंय?" आणि लेकीचा हुकूम स्पष्ट होता. दुपारी आराम. टेबल टेनिस बंद म्हणजे बंद!

पण ज्या माणसाने ऐन गर्दीत बस उलटी वळवली, त्याला एक घड्याळ काय अडवणार? काकांनी बेत शिजवला. काकूंना दुपारी झोपायची सवय. काका रोज चार वाजता पाय न वाजवता खोलीत शिरत, भिंतीकडे तोंड करून घोरणाऱ्या काकूंच्या मनगटावर हलकेच घड्याळ चढवत आणि बॅट टॉवेलात गुंडाळून पसार होत. परत येऊन तितक्याच हलक्या हाताने काढून घेत. काकू इतक्या गाढ झोपत, की काकांना कधीकधी त्यांची काळजीच वाटे.

बेत नुसता फळलाच नाही, बहरला! परवाच डॉक्टरीणबाईंनी घड्याळातले आकडे पाहिले आणि त्या खूश झाल्या.

"काका, दुपारी चारनंतर जो काही व्यायाम करता ना, तो अगदी योग्य आहे. नाडी छान चढते, छान उतरते. चालू ठेवा! गोळी अर्धी करू या."

काका क्षणभर गोंधळले. चारनंतर तर घड्याळ झोपलेल्या बाईच्या हातात असतं, व्यायाम कुठला? पण मशीनच ते, चुकायचंच! आणि आपल्या बाजूने चुकत असेल तर आपण कशाला तोंड उघडायचं? काकांनी घरी येऊन छाती फुगवली. "अगं, माझं हृदय तिशीतल्या पोराचं झालंय! गोळी अर्धी!" काकू "बरं झालं हो," एवढंच म्हणाल्या आणि का कोण जाणे, पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या.

सामन्याच्या दिवशीही काकांनी काकूंच्या मनगटावर घड्याळ चढवलं, खेळाची अर्धी चड्डी घातली आणि डेपो गाठला. खोलीत ही गर्दी! मेकॅनिक, तिकीट तपासनीस, सगळे निवृत्त. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या कानात मशीन, पण आरडाओरडा असा की खिडकीची काच हलत होती. पहिला डाव कंडक्टरने घेतला, दुसरा काकांनी. तिसऱ्यात काकांना घाम फुटला, शर्ट बाकावर गेला, कवळी सैल झाली, ती काढून खिशात ठेवली आणि काका असे काही खेळले की काय म्हणता! डावीकडे मारला, उजवीकडे मारला, कंडक्टर टेबलाभोवती भिरभिरतोय आणि तपासनीस बाकावर उभा राहून नाचतोय!

"कप पुसून ठेव रे!" काका ओरडले. आता फक्त एक गुण हवा होता. एक!

काकांनी चेंडू हातावर घेतला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मेकॅनिकने उत्साहाने उचलला आणि सरळ त्यांच्या कानाला लावला.

"बाबा! तुम्ही ठीक आहात ना? कुठे लागलंय का?" लेक रडायच्या बेतात होती.

"मला? मी तर पलंगावर पडलोय गं!" कवळीशिवाय काकांना जमेल तसं ते बोलले.

"पडलात ना! घड्याळानेच कळवलं. जोरात पडलात म्हणून! आणि बोलताना जीभ का अडखळतेय? पलंगावर कसे? घड्याळ तर पाण्याच्या टाकीमागच्या मैदानात दिसतंय! ॲम्ब्युलन्स निघालीय, मीपण निघालेय. हलू नका!"

काकांच्या हातातला चेंडू खाली पडून टपटप करत कोपऱ्यात गेला. घड्याळ मैदानात. घड्याळ पडलं. आणि घड्याळ होतं...

"अगं, ते तुझ्या आईच्या हातात आहे!"

काकांनी बॅट टाकली. एक गुण, कप, वर्षभराचे टोमणे, सगळं त्या टेबलावर राहिलं. ते दाराकडे धावत सुटले. कंडक्टर त्यांच्या मागे!

"पायी कुठे निघालास? माझी स्कूटर आहे. बस मागे!"

"मी चालवतो!"

"आयुष्यभर तू चालवलंस, मी मागे उभा राहिलो. आज गप मागे बस!"

काकांनी कंडक्टरची कंबर धरली आणि मैदान येईपर्यंत त्याच्या कानात ओरडत राहिले. "डावीकडे! ब्रेक! अरे गाढवा, आरसा बघ!" मधूनच त्यांचा आवाज ओला व्हायचा. "तुझ्या वहिनीला काही झालं नसेल ना रे?" कंडक्टरने वेग वाढवला.

मैदानाच्या तोंडाशी स्कूटर रुतली. काका उतरून धावले आणि मधोमध येऊन थबकले.

काकू उभ्या होत्या. साडी खोचलेली, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, कोपरावर चिखल आणि दोन्ही हातांत एक सायकल! शेजारच्या शिंपीणबाई त्यांचा पदर झटकत होत्या आणि दोघी पोट धरधरून हसत होत्या.

"अहो, तुम्ही? सामना संपला?" काकूंनी विचारलं.

"स-सामना?" काका मटकन खाली बसले. "तुला ठाऊक होतं?"

"तुमचा घामट टॉवेल रोज कोण धुतं? आणि मनगटाला गार पट्टा लागल्यावर कोण झोपेल? तुम्ही एकदाचे जाताय कधी, म्हणून मी घोरायचं सोंग करायची! तुम्ही गेलात की मी इकडे. तुम्ही परत यायच्या आत पुन्हा पलंगावर."

"मग घड्याळ काढून नाही का ठेवायचं?"

"काढलं असतं तर लेकीचा फोन आला असता आणि तुमचा खेळ बंद पडला असता," काकू म्हणाल्या. "किती खुशीत येता हो तुम्ही खेळून."

काका मान खाली घालून खिशात कवळी चाचपू लागले.

तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आली. तिच्यातून उतरलेल्या तिघा जणांनी मैदानावर नजर टाकली. एक बाई सायकल धरून हसतेय आणि एक लालबुंद म्हातारा चड्डी-बनियनवर जमिनीत बसून धापा टाकतोय. त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता काकांना स्ट्रेचरवर घातलं!

"अरे, पेशंट मी नाही!"

"सगळे असंच म्हणतात, आजोबा."

"न्या, न्या!" काकू म्हणाल्या. "एकदा नीट तपासून घ्या."

दवाखान्यात लेक दोघांना आळीपाळीने मिठी मारत होती आणि आळीपाळीने झापत होती. डॉक्टरीणबाईंनी काकांना तपासलं, काकूंचं कोपर पाहिलं, सगळी हकीगत ऐकली आणि बराच वेळ फाइलमागे तोंड लपवलं.

"म्हणजे मी काकूंचं हृदय बघून काकांची गोळी अर्धी केली! काकू, तुमची तब्येत ठणठणीत आहे. सायकल चालवा. काका, उद्यापासून गोळी पूर्ण. खेळायचं, पण हळू, आणि घड्याळ स्वतःच्या हातात घालून!"

सामना पुढल्या रविवारी ठरला. आपल्याला फुकटात कप मिळत असताना कंडक्टरने तो घेतला नाही. "एक गुण राहिलाय, तो टेबलावरच होऊ दे," म्हणाला. काकांनी मग त्या आनंदात काकूंपुढे उदार मनाने जाहीर केलं, "उद्यापासून सायकल मी शिकवतो तुला! गाडी चालवणं म्हणजे काय, ते आपल्याला विचारायचं!"

"शिकायचं काय राहिलंय?" काकू म्हणाल्या. "मी पडले ते डबलसीटची सवय करत होते म्हणून. शिंपीणबाई आता भितात मागे बसायला. तुम्ही बसता?"

आता नाही कसं म्हणणार? दुसऱ्या दिवशी चार वाजता ड्रायव्हरकाका कॅरिअरवर बसले. दोन्ही पाय जमिनीला टेकवून, दोन्ही हातांनी सीट आवळून, डोळे गच्च मिटून! मुद्दाम बघायला आलेल्या कंडक्टरने हात लांब करून सायकलची घंटी दोनदा वाजवली. काकूंनी पेडल मारलं. सायकल आधी डावीकडे गेली, मग उजवीकडे, मग सरळ टाकीच्या दिशेने, आणि वळणावरही काकूंनी ब्रेकला हात लावला नाही!

काकांचा फोन वाजला. एक हात कसाबसा सोडवून त्यांनी तो कानाला लावला.

"बाबा!" लेक किंचाळली. "नाडी आजवर इतकी कधीच चढली नव्हती! काय करताय तरी काय?"

"काही नाही गं," काका डोळे न उघडता म्हणाले. "नुसता बसलोय!"