चालते / ओढले जाते

निरीक्षकसाहेबांनी एक वेगवान गाडी घेतली. ती फारच वेगवान असल्यामुळे ती रस्त्यावर आणायला बंदी होती. इथपर्यंत सगळे कायद्याला धरून होते.

साहेब वजनमापे खात्यात होते. तेवीस वर्षे दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे आणि खोट निघाली की सील ठोकायचे, हे त्यांचे काम. पन्नास ग्रॅमची खोट त्यांनी आजवर कुणाला माफ केली नव्हती. सख्ख्या साडूच्या दुकानाला त्यांनी सकाळी टाळे लावले आणि ठरल्याप्रमाणे संध्याकाळी त्याच्याकडे जेवायलाही गेले. घरची छोटी गाडी ते वेगमर्यादेच्या दहा खाली चालवत, न जाणो काटा खोटा असला तर! अशा माणसाला एक्कावन्नाव्या वर्षी वेगाचे वेड लागले. "अहो, तुम्ही जिना उतरताना कठडा धरता," एवढेच बायको म्हणाली आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरली.

शहराबाहेर शर्यतींचा ट्रॅक होता. महिन्यातल्या एका रविवारी साध्यासुध्या माणसांनाही आपापली गाडी तिथे आणून हवी तशी पळवता येई. त्याला ट्रॅक डे म्हणत. आता ट्रॅक मोडून तिथे गोदामे उभी राहणार होती, आणि शेवटच्या ट्रॅक डेला सहा आठवडे उरले होते. साहेबांनी सात फेऱ्या राखून ठेवल्या. उभ्या आयुष्यात त्यांनी चौथ्या गिअरच्या पुढे हात नेला नव्हता. त्याच्या पुढे काय असते हे एकदा पाहायचे, मग डोळे मिटले तरी हरकत नाही, असे त्यांनी बायकोला सांगितले. डोळे उघडे ठेवूनच पाहा, असे तिने सुचवले.

गाडी होती मात्र देखणी. वजन कमी व्हावे म्हणून आधीच्या मालकाने तिचा हॉर्न काढला होता, दिवे काढले होते, मागची सीट काढली होती. म्हणजे पळण्यासाठी तयार केलेली ही वस्तू पळण्याच्या जागेपर्यंत स्वतः जाऊ शकत नव्हती. तिला कुणीतरी न्यायला हवे होते. खात्यातल्या बऱ्याच वरिष्ठांचे असेच असल्यामुळे साहेबांना त्यात काही वावगे वाटले नाही. फक्त एक ट्रेलर हवा होता.

इथे मेहुणा आला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, पक्का उंटावरचा शहाणा. त्याच्याकडे गाडी नव्हती, ट्रेलर नव्हता आणि लायसन्स जप्त झालेले होते. पण मोबाइलवर त्याने ट्रेलरचे इतके व्हिडिओ पाहिले होते की अनुभवाची त्याला गरज उरली नव्हती. "भाऊजी, ट्रेलर म्हणजे सगळा वजनाचा खेळ," तो म्हणाला, आणि साहेब एकदम खुलले. वजनात त्यांना कोण शिकवणार?

गाडी त्यांनी स्वतः तपासून पास केलेल्या काट्यावर चढवली. सातशे ऐंशी किलो. तिला पेलणारा साधा उघडा ट्रेलर चारशे वीस किलोंचा. बेरीज बाराशे. घरच्या गाडीची ओढण्याची ताकद पाचशे. म्हणजे घरची गाडी रिकामा ट्रेलर ट्रॅकपर्यंत आरामात नेऊ शकत होती. शर्यतीची गाडी घरीच ठेवली असती तर एकही नियम मोडत नव्हता. साहेबांनी या पर्यायाचा दोन दिवस गंभीरपणे विचार केला, हे त्यांच्या वहीवरून दिसते.

शेवटी त्यांनी दीड हजार किलो ओढणारी एक जीप घेतली. जीप गॅरेजमध्ये शिरली ती शर्यतीच्या गाडीला बाहेर काढूनच. गाडी बाहेर आली म्हणजे तिला ऊनपाऊस लागणार, म्हणून उघडा ट्रेलर परत करून पेटीसारखा बंद ट्रेलर घेतला. तो नऊशे किलोंचा. झाले सोळाशे ऐंशी! जीप कमी पडली. मग जीप बदलून दोन हजार किलो ओढणारा पिकअप ट्रक आला. तेव्हा ट्रेलरवाल्याने नियमपुस्तिका काढून दाखवले की सोळाशेच्या वर वजन गेले की चार चाकांचा, स्वतःच्या ब्रेकचा ट्रेलर लागतो. तो बाराशे सत्तर किलोंचा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते साहेब लहानपणापासून ऐकत आले होते. आता तो मोती अंगणात उभा होता आणि त्याच्यामुळे शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात अंधार पडत होता.

साहेबांनी बेरीज केली आणि त्यांचा चेहरा पडला. दोन हजार पन्नास. पन्नास किलो जास्त.

"चालतं हो," ट्रेलरवाला म्हणाला. "पन्नास किलो काय, दोन-दोनशे जास्त घेऊन जातात लोक."

मेहुणाही चालतं म्हणाला. शेजारी म्हणाले की चालेल, पण लवकर न्या. साहेबांना रात्रभर झोप आली नाही. ज्याने दुसऱ्याला पन्नास ग्रॅम माफ केले नाहीत त्याने स्वतःला पन्नास किलो कोणत्या तोंडाने माफ करायचे? सकाळी त्यांनी पाने-पक्कड घेतली. आरसा काढला, दारांची अस्तरे काढली, हीटर काढला. एकवीस किलो निघाले. मग मेहुण्याने बॉनेट उचलले, आत बराच वेळ पाहिले आणि शांतपणे म्हणाला, "भाऊजी, यातलं सगळ्यात जड काय आहे सांगू?"

इंजिन एकशे दहा किलोंचे निघाले. ते ट्रकच्या पाठीवर ठेवायचे, कारण ट्रकच्या पाठीवरचे वजन ओढण्याच्या वजनात धरत नाहीत, आणि ट्रॅकवर पोचल्यावर मेकॅनिककडून तासाभरात परत बसवून घ्यायचे. कायदा एका किलोनेही मोडत नव्हता. साहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी मेहुण्याला मिठी मारली. असा प्रसंग त्या घरात पहिलाच.

एवढे ओढायचे तर वेगळे लायसन्स लागते. परीक्षा साधी होती: ट्रेलर जोडून वीस मिनिटांत गाडी मागे घेत आखलेल्या जागेत घालायची. साहेब अकरा वेळा खाली उतरले, दर खेपेला टेपने दोन्ही बाजूंचे अंतर मोजले, आणि वीस मिनिटे संपली तेव्हा ट्रेलर अर्धा फूट मागे आला होता, अगदी सरळ. परीक्षकाने नापास केले. सोबत आलेली बायको बाकावर बसून कंटाळली होती. "मलाही द्या एक फॉर्म," ती म्हणाली. तिने ट्रेलर चार मिनिटांत आत घातला आणि वर परीक्षकाच्या स्कूटरलाही जागा करून दिली. साहेबांनी याची कुठे वाच्यता केली नाही. ट्रॅकपर्यंत चालवायला कुणीतरी हवेच होते, आणि ट्रॅकवर तर स्टिअरिंग आपल्याच हातात असणार, असे त्यांनी स्वतःला समजावले.

आता उरला होता फक्त जोडणीचा, म्हणजे ट्रकला ट्रेलर जोडून रस्त्यावर नेण्याचा परवाना. गुरुवारी सगळी वरात वाहन कचेरीत गेली. कारकून बाहेर आला, त्याने ट्रेलरचे दार उघडून आत डोकावले आणि साहेबांपुढे अर्ज सरकवला. अर्जात एकच ओळ भरायची होती:

आतील वाहन चालते / ओढले जाते. लागू नसेल ते खोडावे.

कारकुनाने आपणहून सांगितले की "ओढले जाते" खोडा आणि सही करा.

"पण ते आज चालत नाही," साहेब म्हणाले.

"म्हणजे?"

"इंजिन काढलंय. मागे ट्रकवर आहे."

"अहो, चालतं. चालतं लिहा."

"चालत नाही ते चालतं असं कसं लिहू? खाली माझी सही आहे."

कारकुनाने चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिले. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्याने हजारो अर्ज घेतले होते. ती ओळ वाचणारा हा पहिला माणूस. मागच्या रांगेतून चालतं, चालतं असा गलका झाला. बायकोने हळूच कोपर मारले. मेहुण्याने तर हात जोडले. साहेबांनी खिशातून पट्टी काढली, पेनचे टोपण काढले आणि "चालते" या शब्दावर एक सरळ रेघ मारली. आपण खरे केले, असे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होते. ते पुढे पाच मिनिटे टिकले.

कारण आता कारकुनाचाही नाइलाज होता. इतकी वर्षे तो बिचारा डोळे मिटून चालवून घेत होता. कुणी उघडायलाच लावले तर तो काय करणार? जे स्वतः चालत नाही, ओढले जाते, ते ट्रेलर. म्हणजे आतली वस्तू गाडी नसून ट्रेलर होती, आणि ट्रेलरमध्ये ट्रेलर नेणे कलमाने मना होते. मोठ्या ट्रेलरचा परवाना नामंजूर झाला. मात्र छोट्या ट्रेलरला, म्हणजे शर्यतीच्या गाडीला, लोखंडी दांडा लावून थेट रस्त्यावरून ओढत नेण्यास कचेरीची कोणतीही हरकत नव्हती. तिच्या मागे "ट्रेलर" अशी लाल पाटी तिथल्या तिथे ठोकून मिळाली. जी गाडी रस्त्यावर आणता येत नाही म्हणून एवढा खटाटोप केला, ती आता राजरोस रस्त्यावरून निघाली, आणि जो ट्रेलर तिच्यासाठी आणला तो कायमचा अंगणात राहिला.

रविवारी सकाळी ते ट्रॅकवर पोचले. मेकॅनिक हत्यारे मांडून तयार होता. ट्रॅकच्या व्यवस्थापकाने कागद वाचले, लाल पाटी वाचली, आणि मेकॅनिकला थांबायला सांगितले. तो माणूस भला होता. त्याने साहेबांना खुर्ची दिली, मग सांगितले. ट्रेलरला इंजिन बसवणे हा बेकायदा फेरफार होता. आज संध्याकाळी ट्रॅक बंद झाला की त्याची नोकरीही संपणार होती, आणि शेवटच्या दिवशी त्याला भानगड नको होती.

साहेब खुर्चीत बसले. अंगात नवा कोरा शर्यतीचा पोशाख, मांडीवर हेल्मेट. समोरून इतरांच्या गाड्या सूं सूं करत जात होत्या. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना एक शब्द खोटा लिहायला हवा होता असे वाटले, आणि ते वाटल्याचेही वाईट वाटले. डोळे भरून आले ते त्यांनी हेल्मेट घालून लपवले.

बायकोला ते दिसले. ती व्यवस्थापकाकडे गेली.

"यांच्या सात फेऱ्या राखलेल्या आहेत ना? मग कागदावर हा ट्रेलर ओढायला परवानगी आहे की नाही?"

"आहे. लायसन्सवाला चालक हवा."

"ते माझ्याकडे आहे. दांडाही लागलेला आहे. हे आत बसतील."

व्यवस्थापकाने कागद पुन्हा पाहिले आणि मान हलवली. "ट्रेलरमध्ये माणूस बसवता येत नाही, ताई. माल चालतो."

"मग माल लिहा," बायको म्हणाली.

व्यवस्थापकाने लिहिले: माल, एक नग, चौऱ्याहत्तर किलो. साहेबांनी हेल्मेटची काच वर केली, कागद मागून घेतला आणि चूक दाखवली. हेल्मेटसह शहात्तर. त्याने दुरुस्ती करून आद्याक्षरी केली आणि हिरवा झेंडा पडला.

पहिली फेरी तिने चाळीसने घेतली. साहेब मागे स्टिअरिंग घट्ट धरून होते, आणि डोळ्यांसमोर, ट्रकच्या पाठीवर दोरांनी बांधलेले, त्यांचे स्वतःचे इंजिन होते. दुसऱ्या फेरीला तिला वळणांचा अंदाज आला. तिसऱ्या फेरीला तिने एका लाल स्पोर्ट्स कारला मागे टाकले. चौथ्या फेरीला काय झाले ते मेहुण्याच्या व्हिडिओत नीट दिसत नाही, कारण मेहुणा मोबाइल टाकून पळाला. मागून साहेब ओरडत होते, ते सगळ्यांनी ऐकले. आधी ते "अगं हळू" असे होते. पुढे त्यातले "हळू" गळाले. सातव्या फेरीला नुसतीच आरोळी होती, आणि कडेची माणसे टाळ्या वाजवत होती.

साहेब खाली उतरले. त्यांनी कठडा शोधला, नव्हता, म्हणून बायकोचा खांदा धरला.

"पाचवा होता का गं?" त्यांनी विचारले.

"सहावा. पाचवा कधी गेला कळलंच नाही."

प्रमाणपत्र मिळाले. चालकाच्या रकान्यात बायकोचे नाव, आणि खाली शेरा: माल सुस्थितीत पोचला. साहेबांनी ते चौकटीत घालून बैठकीत लावले आहे आणि आल्यागेल्याला ते सांगतात की शेवटच्या ट्रॅक डेला आपण सहाव्या गिअरमध्ये होतो. हे खोटे नाही. त्यांनी शब्द तपासून घेतले आहेत.

वाहन कचेरीने मात्र या प्रकरणापासून धडा घेतला. ती ओळ वाचणारा एक निघाला म्हणजे आणखीही निघतील, या भीतीने तो अर्ज आता वाहनांपुरता न ठेवता सर्व नागरिकांकडून भरून घ्यायचे ठरले आहे. तेव्हा साहेबांना हसून झाले असेल तर आपलाही भरून टाका. पेन शाईचे असावे.

मी चालतो / ओढला जातो. लागू नसेल ते खोडावे.

घरच्यांना विचारून भरू नये. त्यांना उत्तर आधीपासून ठाऊक असते.